मुलागणिक एक दात?

आमच्या फोंड्याच्या घरात जन्मनोंदी माईच्या तोंडात आहेत. वरची डावीकडची फट थोरल्या दादाची, तिच्यापलीकडची माझी, खालच्या दोन धाकट्यांच्या. "पोटातल्या पोराला हाडं लागतात गो, ते आईच्या दातांतला चुना ओढतं," असं ती ठामपणे सांगते. त्यामुळे पाचव्या महिन्यात वहिनीला बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. माईचा सल्ला तयार होता: ब्रश बंद, बोटानं मंजन लाव. वहिनीनं ऐकलं. आठवड्याभरात तिच्या पुढच्या दोन दातांमधला हिरडीचा टोकदार त्रिकोण फुगून गोल झाला, जांभळट आणि चकचकीत. पोईचा तुकडा चावला तरी रक्त यायचं.

आधी चुन्याचा हिशेब मिटवू. हाडात मोडणं आणि बांधणं आयुष्यभर चालूच असतं, म्हणून रक्तात कॅल्शियम कमी पडलं की ते हाडातून काढता येतं. दातावरचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं टणक कवच, मात्र एकदा तयार झालं की संपलं. त्यात रक्तवाहिनी नाही, जिवंत पेशी नाही. तिथलं कॅल्शियम रक्तात परत नेणारी वाटच नाही. बाळ आपला वाटा आईच्या जेवणातून घेतं, कमी पडलं तर हाडांतून. नाचणीचं तिझाण, दूध, काट्यांसकट खाल्लेले तारले हे सगळं गरोदरपणी हवंच, पण ते हाडांसाठी.

मग रक्त कशाचं? दात आणि हिरडीच्या सांध्यावर जीवाणूंचा चिकट थर बसतो, त्याला प्लाक म्हणतात. हा थर सगळ्यांच्याच तोंडात असतो. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं कितीतरी पटींनी वाढतात, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि झिरपू लागतात. एरवी ज्या थराकडे हिरडी दुर्लक्ष करते, त्याच थरावर ती आता लालबुंद होते. ल्यो आणि सिल्नेस या संशोधकांनी १९६३ साली गरोदर बायकांच्या हिरड्या तपासल्या. सूज दुसऱ्या महिन्यापासून चढत गेली, आठव्यात सर्वांत जास्त झाली आणि नंतर उतरली. १९८० साली आणखी एक गमतीदार गोष्ट पुढे आली. प्रीव्होटेला इंटरमीडिया नावाच्या जीवाणूला वाढायला व्हिटॅमिन के लागतं, पण त्याच्या जागी तो ही संप्रेरकंही वापरू शकतो. म्हणजे आईच्या रक्तातलं संप्रेरक हिरडीतून झिरपतं आणि या पाहुण्याच्या पानात पडतं!

तेव्हा ब्रश सोडणं म्हणजे थर वाढवणं, आणि थर वाढला की रक्तही वाढणार. उपाय नेमका उलटा: मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि रक्त येतं त्या जागी जरा हलक्या हातानं पण नक्की.

कधीकधी हिरडीवर लालभडक गाठ येते, सहसा वरच्या पुढच्या दातांपाशी. जरा धक्का लागला की ती वाहते. तिला 'प्रेग्नन्सी ट्यूमर' असं भयंकर नाव आहे, पण ती कॅन्सर नव्हे. बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप बसते. तरी डॉक्टरांना दाखवावी.

दात खरोखर झिजतात-किडतात ते वेगळ्याच वाटेनं. तोंडातली आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं (पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त), आणि उलटीबरोबर येणाऱ्या जठरातल्या आम्लाचा पीएच त्याच्या कितीतरी खाली असतो. उलटी झाली की तोंड घाण वाटतं, म्हणून बाई लगेच ब्रश हातात घेते आणि मऊ पडलेलं एनॅमल खरवडून काढते. त्याऐवजी पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि अर्धा-पाऊण तास थांबावं. डोहाळ्यांचंही तेच. मीठ लावलेली बिंबलं, कैरी, चिंच, गुळाचे लाडू यांना माझी ना नाही. पण दिवसभर तासातासाला एकेक तोंडात टाकण्यापेक्षा जेवणाबरोबर खाऊन पाणी प्यावं. दाताला सावरायला मधे वेळ मिळतो.

वहिनीला दवाखान्यात नेताना निम्मं गाव आडवं आलं. दात साफ केले की हलतात, एक्स-रेनं बाळाला बाधतं, सुईनं तर काय होईल! खरं तर चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारांना सर्वांत सोयीचा काळ. लिग्नोकेन देऊन दात बधिर करणं सुरक्षित मानतात. गरजेचा एक्स-रे संरक्षण घालून काढता येतो. गरोदर आहोत हे मात्र आधी सांगायचं, कारण काही औषधं चालत नाहीत. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घेतलं तर बाळाच्या दातांवर कायमचे पिवळट-तपकिरी डाग पडू शकतात. बाळाचे दुधाचे दात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आकार घेऊ लागतात आणि चौथ्या महिन्यापासून टणक होतात, म्हणून ही काळजी. दिवस भरत आलेले असतील तर खुर्चीत उताणं पडून घेरी येते. उजव्या कुशीखाली उशी सारली की बरं वाटतं. खासगीत खर्च झेपत नसेल तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आहेच.

एक गोष्ट मात्र फुगवून सांगितली जाते. हिरड्यांचा गंभीर आजार आणि मुदतीआधीचं बाळंतपण यांचा संबंध पाहण्यात आलाय. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत गरोदरपणी हिरड्यांवर उपचार करूनही लवकर होणारी बाळंतपणं कमी झाली नाहीत. उपचार सुरक्षित ठरले, हिरड्या सुधारल्या, एवढंच. त्यामुळे 'हिरडी सुजली म्हणजे बाळाला धोका' असं घाबरवणाऱ्यांचं ऐकू नये.

वहिनीचं स्केलिंग, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढणं, अर्ध्या तासात उरकलं. पंधरा दिवसांनी हिरडीचा त्रिकोण पुन्हा टोकदार झाला. माईला हे पटवायला मी तिच्याच फटी मोजायला बसले, तर निघाल्या पाच. मुलं चार. "मग हा पाचवा कोणाचा?" मी विचारलं.

"तो सुपारीचा गो," माई म्हणाली आणि चंची शोधायला उठली.