कामाच्या जागेवरील रसायने आणि स्वादुपिंडाचा कर्करोग : एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

1969 साली अमेरिकेतील फ्रेडरिक ली, जोसेफ फ्रॉमेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या 1948 ते 1967 या काळात मृत्यू पावलेल्या सदस्यांच्या नोंदी तपासल्या. लसिकाग्रंथींच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण या रसायनतज्ज्ञांमध्ये अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. (याच दोघांनी त्याच वर्षी कुटुंबात उतरणाऱ्या कर्करोगांचे जे वर्णन केले, ते पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.) त्याआधी, 1967 साली, थॉमस मॅनकुसो यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन या रंगनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या संयुगांच्या संपर्कात आलेल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ही संयुगे मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आधीच कुप्रसिद्ध होती; या अभ्यासाने स्वादुपिंडाकडेही बोट दाखवले.

मूत्राशयाच्या बाबतीत मात्र शंका आणि पुरावा यांच्यातले अंतर हळूहळू मिटत गेले. 1895 साली लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने रंगनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांमध्ये या आजाराचे रुग्ण नोंदवले आणि पुढील दशकांत त्याला सबळ पुष्टी मिळत गेली. स्वादुपिंडाच्या बाबतीत तसे घडले नाही, आणि त्याची कारणे प्रामुख्याने या आजाराच्या स्वरूपातच आहेत. पोटात खोलवर, जठराच्या मागे असलेल्या या अवयवातील गाठ बहुधा उशिरा लक्षात येते आणि निदानानंतर अनेक रुग्ण काही महिन्यांतच दगावतात. त्यामुळे त्या व्यक्तीने कोणत्या खात्यात, किती वर्षे, कशाच्या वाफा श्वासात घेतल्या, हे बहुतेकदा पत्नीला किंवा मुलांना विचारावे लागते, आणि त्यांना द्रावकाचे (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाचे) नाव ठाऊक असण्याची शक्यता कमीच. जुन्या अभ्यासांचा मुख्य आधार असलेल्या मृत्युदाखल्यांवरही शेजारच्या अवयवांचे कर्करोग स्वादुपिंडाच्या नावावर नोंदले गेल्याची शक्यता असते. शिवाय धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत पक्के ज्ञात कारण असल्याने, कामगारांच्या सवयींची माहिती नसलेल्या अभ्यासात रसायनाचा वाटा वेगळा काढणे अवघड होते.

या साखळीतील सर्वांत ठळक आकडे 1992 साली आले. रसायननिर्मिती कारखान्यातील कामगारांमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे 28 रुग्ण आणि तुलनेसाठी 112 सहकामगार घेऊन डेव्हिड गॅराब्रँट यांच्या गटाने दाखवले, की डीडीटी या कीटकनाशकाच्या संपर्कात आलेल्यांना धोका सुमारे 4.8 पट होता आणि सरासरी 47 महिने संपर्क असलेल्यांत तो सुमारे 7.4 पट होता. संपर्क वाढेल तसा धोका वाढतो, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. पण 28 रुग्णांवर फार मोठा निष्कर्ष उभा करता येत नाही. पुढे रक्तातील कीटकनाशकांचे प्रमाण मोजण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. ही संयुगे चरबीत साठतात आणि हा आजार रुग्णाला झपाट्याने कृश करतो. चरबी वितळली की रक्तातील प्रमाण वाढू शकते, म्हणजे वाढलेला आकडा आजाराचे कारण आहे की परिणाम, हे सांगणे कठीण. 1999 साली स्पेनमधील मिकेल पोर्ता यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकून रुग्णांच्या रक्तातील डीडीई (डीडीटीपासून शरीरात तयार होणारे संयुग) आणि पीसीबी (विद्युत उपकरणांत वापरली गेलेली क्लोरिनयुक्त संयुगे) यांची सांगड गाठींमधील के-रास जनुकाच्या उत्परिवर्तनाशी घातली. हे जनुक या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींत बिघडलेले असते, म्हणून या मार्गाला महत्त्व आहे. मात्र वरील आक्षेप तेथेही लागू पडतो.

फिनलंडमधील अन्नेली ओयायार्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 92 अभ्यास एकत्र करून 23 घटकांचा पडताळा घेतला. निकेल व त्याच्या संयुगांसाठी एकत्रित धोका 1.9 पट आणि क्लोरिनयुक्त द्रावकांसाठी 1.4 पट निघाला. धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी आणि कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगसाठी ही द्रावके दीर्घकाळ वापरली गेली आहेत. या आजारातील सुमारे 12 टक्के वाटा कामाच्या ठिकाणच्या संपर्काचा असावा, असा त्यांचा अंदाज होता. माझ्या मते या अंदाजाकडे सावधपणेच पाहावे, कारण 1.4 सारखा आकडा नोंदींतील लहानशा चुकीनेही खालीवर होऊ शकतो. पण लाखो कामगार ज्या द्रावकाच्या सान्निध्यात असतात, त्याच्या बाबतीत लहान धोकाही पुष्कळ माणसांना गाठतो. 2009 साली आयोवा व नॉर्थ कॅरोलायनातील शेतीशी संबंधित मोठ्या अभ्यासात पेंडिमेथालिन आणि ईपीटीसी या तणनाशकांच्या जास्त वापराशी असाच संबंध दिसला.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्वादुपिंडाबाबत ‘पुरेसा पुरावा’ असलेल्या घटकांत तंबाखूचा समावेश केला आहे. कामाच्या जागेवरील एकही रसायन त्या यादीत नाही. डीडीटीला 2015 साली ‘बहुधा कर्करोगजनक’ ठरवताना विचारात घेतलेला मानवी पुरावाही लसिकाग्रंथी, वृषण आणि यकृत यांच्या कर्करोगांचा होता. जपानमधील ओसाका येथील छपाईच्या कारखान्यात तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे 2012 च्या सुमारास उघड झाले आणि दोनच वर्षांत 1,2-डायक्लोरोप्रोपेन हे माणसांतील निश्चित कर्करोगजनक म्हणून वर्गीकृत झाले. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातूनच आतड्याकडे जाते, पण दोन्हींच्या बाबतीत झालेला फरक मोठा आहे: तरुणांत क्वचित होणारा आजार एकाच छताखाली अनेकांना झाला, म्हणून तेथे कारण दिसले. स्वादुपिंडाचा कर्करोग बहुधा उतारवयात, निवृत्तीनंतर, वेगवेगळ्या गावी गेलेल्या माणसांना होतो. तोपर्यंत कारखाना बंद झालेला असतो किंवा द्रावक बदललेले असते, आणि कोणत्या खात्यात काय वापरले जात होते याच्या नोंदी त्याआधीच नष्ट झालेल्या असू शकतात.