सिंगापूर-जोहोर पाणीकरार : नगरपालिकेच्या भाडेपट्ट्यापासून आंतरराष्ट्रीय हमीपर्यंत

सिंगापूर बेटावर मोठी नदी नाही आणि पाऊस भरपूर असला तरी तो साठवायला जागा अपुरी, त्यामुळे शहर वाढू लागताच तेथील नगरपालिकेला सामुद्रधुनीपलीकडच्या, आज मलेशियात असलेल्या जोहोर संस्थानाकडे वळावे लागले. 1927 मध्ये नगरपालिकेचे आयुक्त मंडळ आणि सुलतान इब्राहिम यांच्यात करार होऊन गुनुंग पुलाई येथील जमीन भाडेपट्ट्याने मिळाली. दोन्ही प्रदेश तेव्हा ब्रिटिश छत्राखाली असल्याने सीमेचा प्रश्न कोणाला फारसा जाणवला नसावा. त्याची जाणीव युद्धाने करून दिली : जानेवारी 1942 च्या अखेरीस माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याने सामुद्रधुनीवरील बांध उडवला, तेव्हा त्यावरून येणारी जलवाहिनीही तुटली.

पाण्याच्या दरावरून दोन्ही देशांत आज असलेल्या वादाचे मूळ मात्र 1961 आणि 1962 च्या दोन करारांत आहे. ते सिंगापूरच्या नगर परिषदेने जोहोर राज्य सरकारशी केले. दुसऱ्या करारानुसार सिंगापूरला जोहोर नदीतून दररोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी 2061 पर्यंत घेता येते. कच्च्या पाण्याचा दर 1,000 गॅलनला 3 सेन (सेन म्हणजे मलेशियन रिंगिटचा शंभरावा भाग), तर जोहोरने परत विकत घ्यायच्या शुद्ध पाण्याचा दर 50 सेन ठरला. 1963 मध्ये सिंगापूरला दीर्घ पाणीकपात सोसावी लागली, हे ध्यानात घेतले की या कराराची निकड कळते.

ऑगस्ट 1965 मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले आणि दोन स्थानिक संस्थांमधील व्यवहार एकाएकी दोन सार्वभौम देशांमधला झाला. विभाजन करारातच मलेशिया सरकारने दोन्ही पाणीकरारांची हमी दिली आणि हा विभाजन करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला गेला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच होय, कारण पुढे संबंध कितीही ताणले गेले तरी नळ बंद करणे म्हणजे देशाच्या स्थापनेच्या दस्तऐवजाचाच भंग ठरला असता.

दोन्ही करारांत 25 वर्षांनंतर दराच्या फेरविचाराची तरतूद होती. 1986 आणि 1987 मध्ये तो झाला नाही. तो अधिकार आता उरलेला नाही, असे सिंगापूर म्हणते, तर 25 वर्षांनंतर केव्हाही दर बदलता येतो, असे मलेशियाचे म्हणणे आहे. 3 सेन हा दर आज अन्यायकारक वाटणे स्वाभाविक आहे, परंतु जोहोरला मिळणाऱ्या शुद्ध पाण्याचा दरही शुद्धीकरणाच्या खर्चापेक्षा बराच कमी असल्याचे सिंगापूर दाखवून देते, आणि ही दुसरी बाजू चर्चेत सहसा मागे पडते.

1990 च्या करारान्वये सिंगापूरने जोहोर नदीच्या लिंगिउ या उपनदीवर स्वखर्चाने धरण बांधले. 1961 चा करार 2011 मध्ये मुदत संपून निकाली निघाला आणि सिंगापूरने त्या कराराखालील जलशुद्धीकरण केंद्रे जोहोरकडे सुपूर्द केली. 2016 मध्ये लिंगिउचा साठा 20 टक्क्यांपर्यंत घसरला. म्हणूनच 1962 च्या कराराची मुदत संपण्याआधीच सिंगापूर सांडपाण्याचा पुनर्वापर आणि समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण यांवर भर देत आहे.