मानवी तत्त्व (विश्वस्थितिशास्त्र)

विश्वाचे जे गुणधर्म आपल्याला दिसतात ते निरीक्षकाच्या अस्तित्वाशी जुळणारेच असणार, कारण तसे नसते तर ते पाहायला कोणी नसतेच, असा युक्तिवाद. भौतिकीविद ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त क्राकोव येथे भरलेल्या परिषदेत तो या नावाने मांडला. भौतिकीविद रॉबर्ट डिकी यांनी १९६१ मध्येच जवळपास हे म्हटले होते: सजीवांना लागणारा कार्बन तयार व्हायला ताऱ्यांची निदान एक पिढी जावी लागते, तेव्हा आपल्याला विश्व तरुण दिसणे शक्यच नाही.

कार्बनचा हा मुद्दा सोलापूरकराला ताटातच दाखवता येतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी मुख्यतः स्टार्चची. स्टार्चच्या वजनात सुमारे ४४ टक्के कार्बन, ४९ टक्के ऑक्सिजन. तव्यावर करपलेले काळे ठिपके तर बव्हंशी कार्बनच. हा कार्बन सूर्यातला नव्हे. सूर्य अजून हायड्रोजनच जाळतो आहे. सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांच्या गाभ्यात, सुमारे १० कोटी केल्विन तापमानाला, हेलियमची तीन अणुकेंद्रे जुळून तो बनला. अडचण अशी, की पहिली दोन जुळून होणारे बेरिलियम-८ तयार होताच फुटते. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये हिशेब मांडला: कार्बन-१२ च्या अणुकेंद्राला सुमारे ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जापातळी (अणुकेंद्र धारण करू शकते अशी ठराविक ऊर्जा) असल्याशिवाय एवढा कार्बन बनणार नाही. कॅल्टेक या अमेरिकी संस्थेच्या केलॉग प्रयोगशाळेत शोध घेतला, तर ती सापडली. आजचे मूल्य ७.६५. ऑक्सिजन-१६ ची पातळी मात्र ७.१२ वर, म्हणजे कार्बन आणि हेलियम जुळताना मिळणाऱ्या ७.१६ च्या किंचित खाली राहते. ती जरा वर असती, तर बहुतेक कार्बन पुढे ऑक्सिजन होऊन गेला असता.

माणूस आहे, म्हणून हॉइलना ही पातळी सुचली, असे हल्ली सर्रास सांगतात. ते पटण्यासारखे नाही. विश्वात कार्बन भरपूर आढळतो, एवढ्यावरच तो हिशेब उभा होता. त्याला करपलेला ठिपका पुरतो, भाकरी खाणारा लागत नाही. हा मानवी अर्थ पुढे चिकटवला गेला, असे विज्ञानेतिहासकार हेल्गे क्राग यांनीही दाखवले आहे.

तत्त्वाचा अधिक वजनदार वापर भौतिकीविद स्टीव्हन वाइनबर्ग यांचा. विश्वस्थिरांक (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचे माप) फार मोठा असता तर दीर्घिकाच घडल्या नसत्या, असे त्यांनी १९८७ मध्ये मांडले. १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून तो लहान पण शून्याहून अधिक असल्याचे दिसले. मात्र या मांडणीला वेगवेगळे स्थिरांक असलेली अनेक विश्वे किंवा विश्वाचे तसे अनेक भाग गृहीत धरावे लागतात, आणि तेच अनेक भौतिकीविदांना मान्य नाही.