टोकन बकेट व बर्स्ट : लिनक्सवरील दोषशोधन

लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या नेटवर्क वाहतुकीचा वेग आवरण्यासाठी टीबीएफ (टोकन बकेट फिल्टर) आणि एचटीबी (हायरार्किकल टोकन बकेट) हे क्यूडिस्क, म्हणजे पॅकेटांची रांग सांभाळणारे कर्नलचे भाग, टोकन बकेटचा (टोकनच्या बादलीचा) हिशेब वापरतात. बादलीत ठरलेल्या दराने टोकन पडत राहतात. एका बाइटला एक टोकन. पॅकेटच्या लांबीइतकी टोकन शिल्लक असली की ते लगेच सुटते, नसली तर रांगेत थांबते. बादलीची क्षमता म्हणजे बर्स्ट. टीबीएफमध्ये त्यालाच बफर असेही नाव आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो: थांबलेल्या पॅकेटांची जागा बर्स्टने ठरत नाही, ती लिमिट (रांगेत किती बाइट) किंवा लॅटन्सी (रांगेत किती वेळ) या पर्यायाने ठरते.

पिंग (लहान चाचणी-पॅकेट) चालते पण फाइल जात नाही, हे बर्स्ट फार लहान असल्याचे ठळक लक्षण. एमटीयू (शीर्ष वगळून पॅकेटची कमाल लांबी) १५०० असले तरी इथरनेटचे १४ बाइटचे शीर्ष धरून पॅकेट १५१४ बाइटचे होते. बर्स्ट १५०० दिला तर पूर्ण लांबीचे पॅकेट बादलीत कधीच मावत नाही, म्हणून टीबीएफ ते टाकून देतो. कर्नलच्या नोंदींत तसा इशाराही मिळतो. टायमरच्या ठोक्यांवर चालणाऱ्या जुन्या कर्नलवर दर भागिले ठोके एवढा बर्स्ट लागतो: १०० मेगाबिट दर आणि सेकंदाला २५० ठोके असतील तर ५०,००० बाइट. त्याहून कमी दिला तर ठरवलेला दर गाठलाच जात नाही. नव्या कर्नलच्या सूक्ष्म टायमरमुळे ही अट सैल झाली आहे. मात्र जीएसओमुळे (अनेक पॅकेटांचा डेटा एकत्र ठेवून शेवटी तुकडे करण्याची सोय) ६४ केबीपर्यंतचे गठ्ठे येतात. ते बादलीपेक्षा मोठे असले की टीबीएफला त्यांचे तुकडे करावे लागतात आणि प्रोसेसरवरचा भार वाढतो.

मोठ्या बर्स्टचा दोष जास्त फसवा, कारण वेग मोजला तर सगळे ठीक दिसते. समजा कार्ड १ गिगाबिटचे, पुढच्या मोडेमची वर जाणारी क्षमता २० मेगाबिट, दर १९ मेगाबिट आणि बर्स्ट १० लाख बाइट. भरलेली बादली सुमारे ८ मिलिसेकंदांत रिकामी होते, पण तेवढा डेटा पुढे ढकलायला मोडेमला ०.४ सेकंद लागतात. अपलोड सुरूच राहिले तर ही रांग फक्त १ मेगाबिटच्या फरकाने ओसरते, म्हणजे ८ सेकंद. तेवढा वेळ पिंग वाढलेले राहते आणि लिनक्सकडची रांग मात्र निर्दोष दिसते. उपाय म्हणजे बर्स्ट सुमारे १० मिलिसेकंदांच्या वाहतुकीइतका ठेवणे. या उदाहरणात २४,००० बाइटच्या आसपास. एचटीबीमध्ये सीबर्स्टही (कमाल दराच्या बादलीची क्षमता) तपासावा.

क्यूडिस्क लावण्याच्या टीसी या आज्ञेला -एस पर्याय दिला की आकडे दिसतात. ओव्हरलिमिट्स हा आकडा (मर्यादेमुळे पॅकेट थांबवावे लागल्याची मोजणी) वाढणे ही चूक नव्हे, मर्यादा लागू होत असल्याची खूण आहे. भर वाहतुकीतही तो शून्य असेल तर इंटरफेस किंवा फिल्टर (पॅकेट कोणत्या वर्गात जाईल हे ठरवणारा नियम) चुकला आहे. एचटीबीत डिफॉल्ट वर्ग (उरलेल्या पॅकेटांसाठीचा गट) दिला नसेल तर फिल्टरात न बसलेली पॅकेट कोणत्याही मर्यादेविना निघून जातात. डायरेक्ट पॅकेट्स हा आकडा वाढताना दिसतो. एककेही नीट पाहावीत: टीसीच्या भाषेत एमबिट म्हणजे मेगाबिट, पण एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबाइट, त्यामुळे दर आठपट होतो.

टीबीएफच्या आत एफक्यू-कोडेल (प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवणारा क्यूडिस्क) बसवल्यास लहान पॅकेट मोठ्या अपलोडमागे अडकत नाहीत. मात्र मग टीबीएफची लिमिट व लॅटन्सी लागू राहत नाही. आत येणाऱ्या वाहतुकीला हे क्यूडिस्क थेट लावता येत नाहीत. ती आयएफबी या आभासी इंटरफेसकडे वळवून तिथे लावावे लागतात.