वीस-तीसचा निकष आणि त्यातून गळालेली नदी

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा अहवाल हातात आला की आधी नजर जाते ती बीओडीच्या रकान्यावर. पाण्यात उरलेली सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना पाच दिवसांत किती ऑक्सिजन लागतो, त्याचे हे माप. प्रक्रिया केलेल्या पाण्यात बीओडी जास्तीत जास्त २० आणि तरंगते घनपदार्थ ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर, ही जोडी या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असते. ती आली कुठून, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

१८५८च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले आणि मोठमोठी गटारे बांधली गेली. त्यांनी मैला शहराबाहेर नेला, पण पुन्हा नदीतच सोडला. दुसरा मार्ग होता सांडपाणी शेतजमिनीवर सोडण्याचा. जमीन ते खरोखर स्वच्छ करत असे. पण शहरे वाढली तशी जमीन पुरेना. आणि जमीन हे करते कसे, हेच नीट माहीत नव्हते. माती गाळते, हवा जाळते, अशी साधारण समजूत होती.

१८७७मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडू भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला आणि मग त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले, म्हणजे अमोनियाचे रूपांतर होऊ लागले. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती वीस दिवस कशाला थांबली असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बंद झाले. काम करणारे जिवंत होते, हे त्या नळीने सिद्ध केले.

मग या जिवाणूंना राहायला दगड-खडीचे थर मिळाले. अमेरिकेतल्या लॉरेन्स प्रयोग केंद्रात १८८७पासून अशा गाळण्यांचा अभ्यास सुरू झाला. तिथेच पुढे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग चालू असताना १९१२मध्ये मँचेस्टरचे गिल्बर्ट फाउलर ते पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना त्या कामाला लावले. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली. सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. इतके दिवस कोणत्या शहराला परवडणार? पण त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही. वरचे निवळ पाणी काढून घेतले आणि त्याच गाळावर ताजे सांडपाणी ओतले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि आठवड्यांचे काम काही तासांवर आले. एप्रिल १९१४मध्ये त्यांनी हे मांडले आणि त्या तपकिरी गाळाला ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’, म्हणजे सक्रिय झालेला गाळ, म्हटले.

मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो. आजही ऑपरेटर एअरेशन टाकीतले, म्हणजे हवा सोडण्याच्या टाकीतले, पाणी एक लिटरच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास पाहत बसतो. गाळाचे पुंजके एकमेकांना धरून खाली सरकतात, वर स्वच्छ पाण्याचा थर उघडा पडतो. तंतूसारखे जिवाणू माजले असतील तर गाळ फुगून वरच राहतो, आणि मग तो क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ खाली बसवण्याच्या टाकीतून, पाण्याबरोबर वाहून जाणार हे तिथेच कळते.

आता वीस-तीसबद्दल. हा निकष सांडपाण्यावर नेमलेल्या ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२मध्ये, ॲक्टिव्हेटेड स्लजच्या आधी दोन वर्षे, सुचवला. त्यामागचे गणित साधे होते. स्वच्छ नदीचा बीओडी २, आणि प्रक्रिया केलेले पाणी मिसळल्यावर तो ४च्या वर जाऊ नये. २ बीओडीच्या नदीच्या आठ भागांत २० बीओडीचे एक भाग पाणी मिसळा: सोळा अधिक वीस, भागिले नऊ, उत्तर बरोबर ४. म्हणजे २० हा आकडा एकट्या पाण्याची शुद्धता सांगतच नव्हता. निदान आठपट स्वच्छ पाणी वाहणारी नदी त्यात गृहीत होती.

आकडा जगभर गेला, अट मागे राहिली. जिथे कोरड्या दिवसांत नदीपात्रात प्रक्रिया केलेल्या पाण्याखेरीज काही वाहतच नाही, तिथेही वीस-तीस गाठले की काम झाले असे मानणे मला घातक वाटते. शिवाय त्यात नायट्रोजन, फॉस्फरस नाहीत, रोगजंतूही नाहीत. नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खतासारखे पोसतात, त्यामुळे बीओडी दहावर आणूनही तलाव शेवाळाने हिरवा होऊ शकतो. म्हणूनच १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी टाकीत हवा नसलेले कप्पे ठेवून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून घेण्याची आणि जिवाणूंकरवी फॉस्फरस काढण्याची पद्धत विकसित केली.

नामिबियाच्या विंडहुक शहराजवळ तर बारमाही नदीच नाही. १९६८पासून तिथे जैविक प्रक्रिया झालेले सांडपाणी आणखी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. जिवाणूंनी साफ केलेले पाणी हा तिथे पुढच्या शुद्धीकरणाचा कच्चा माल असतो.