जनसुनावणीतला विरोध आणि ग्रामसभेचा नकार

खाणीचा प्रस्ताव आला की मांडव पडतो, जिल्हाधिकारी येतात, लोक माइकवर ठणकावून विरोध करतात. पुढे मंजुरी मिळते आणि गाव चक्रावतं: आम्ही तर नाही म्हटलं होतं! म्हटलं होतं खरं, पण जनसुनावणीत. नकाराचा अधिकार असतो ग्रामसभेला.

जनसुनावणी २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली होते, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे मंजुरीआधी तपासायला लावणाऱ्या केंद्राच्या नियमांखाली. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, किमान ३० दिवसांची नोटीस देऊन. गणपूर्तीची अट नाही, मतदान नाही. हरकती नोंदवल्या जातात, कंपनी अंतिम अहवालात त्यांना उत्तर देते. सगळं गाव विरोधात गेलं तरी प्रकल्प आपोआप थांबत नाही. म्हणून तिच्यावर बहिष्कार टाकावा असं मात्र मला वाटत नाही. 'पाणी जाईल' एवढंच न म्हणता कोणती विहीर, खाणीपासून किती लांब, मार्चमध्ये पाणी किती असतं, हे लेखी द्यावं. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय मांडव सोडू नये. पुढे मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठात, अपील करायचं तर हीच नोंद कामी येते, आणि त्याची मूळ मुदत फक्त ३० दिवसांची असते.

ग्रामसभेचं बळ वनहक्क कायद्यातून येतं, म्हणजे आदिवासी आणि जंगलावर जगणाऱ्या इतरांचे जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या कायद्यातून. तोही २००६चाच, म्हणून गोंधळ वाढतो. इथे निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर म्हणजे त्यांचा देव नियमराजा. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने वनमंजुरी, म्हणजे वनजमीन खाणीसाठी वापरायची परवानगी, नाकारली.

हे बळ वनजमिनीपुरतं आहे, खासगी शेतजमिनीवरच्या कारखान्याला ते लागू पडत नाही. सरपंचाचं 'ना हरकत' पत्र तर या दोन्हींपैकी काहीच नव्हे, तरी संमती म्हणून तेच पुढे केलं जातं.

२०२२च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्क कायद्याची पूर्तता, ग्रामसभेची संमती धरून, केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याने करायची असं ठरवलं. सगळं ठरल्यावर गावाला विचारणं हा सरळ अन्याय आहे. तेव्हा प्रस्ताव कानावर येताच ग्रामसभेत गणपूर्तीसह ठराव करावा, जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी.