हलके संकेतस्थळ

कमीत कमी डेटा आणि वीज खर्चून वाचकापर्यंत पोचेल अशा बेताने बांधलेले संकेतस्थळ. पान उघडले की मजकूर डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरून, म्हणजे पाने साठवणाऱ्या संगणकावरून, निघतो आणि केबल, मोबाइल टॉवर असा प्रवास करत फोनवर येतो. या वाटेवर जागोजागी वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगातल्या एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली. भारतात त्यांची सर्वांत मोठी गर्दी मुंबई आणि ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात आहे, आणि महाराष्ट्राची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे.

पानाचे वजन मजकुराने फारसे वाढत नाही. अक्षरे संगणकात साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि हलन्तालाही तीन. एकट्या ‘क्षि’ला बारा. तरीही हजार शब्दांचा मराठी लेख वीसेक केबीत मावतो. त्याच लेखावर फोनमधला चार एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला, तर तो लेखाच्या दोनशे पट भरतो. म्हणून पहिली कात्री फोटोला लावावी: आकार लहान करावा, वेबपी किंवा एव्हिफ अशा कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवावा. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ तर काढूनच टाकावेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉण्टच्या फाइलीही मोठ्या असतात. वाचकाच्या फोनमधलाच फॉण्ट वापरला की ती फाइल पाठवावीच लागत नाही.

या विचाराचा सर्वांत प्रामाणिक नमुना बार्सिलोनात आहे. क्रिस डी डेकर यांच्या ‘लो-टेक मॅगझिन’ची सौरऊर्जेवरची आवृत्ती २०१८ पासून घराच्या बाल्कनीतल्या सौर पॅनलवर आणि छोट्या बॅटरीवर चालते. पाने आधीच तयार करून ठेवलेली, चित्रे ठिपक्यांची आणि मोजक्या रंगछटांची. बॅटरी किती उरली हे पानाच्या पार्श्वभूमीवरच दिसते. आभाळ बरेच दिवस भरलेले राहिले तर संकेतस्थळ बंद पडते, आणि ही शक्यता वाचकाला आधीच सांगितलेली असते. चोवीस तास सुरू राहण्याचा हट्ट सोडला की किती थोडक्यात भागते, हे इथे डोळ्यांना दिसते.

एका पानामागे वाचणारी वीज अगदी थोडी असते, हे मान्य करायलाच हवे. स्मार्टफोनच्या बाबतीत बहुतांश कार्बन तो वापरताना नव्हे, तो बनवतानाच बाहेर पडतो. हलक्या पानाचा मोठा उपयोग इथे आहे. जड पाने अडखळू लागली की धडधाकट फोनही जुना वाटू लागतो आणि बदलला जातो. हलके पान सहा-सात वर्षांच्या फोनवरही चटकन उघडते.